जनरेटरचा करंट कुठवर जातो, हे विचारणारे अंबादास सर

अंबादास सरांची आणि माझी पहिली भेट आयटीआयच्या वायरमन ट्रेडच्या वर्गात झाली, आणि त्या पहिल्याच दिवशी सरांनी आम्हा सगळ्यांना नापास केले. पक्कड नाही, टेस्टर नाही, हातात काहीच न देता त्यांनी फळ्यावर एक घर काढले, अंगणात एक जनरेटर काढला आणि विचारले, "लाईट गेलीय. ह्या घरात जनरेटर चालू केला. आता करंट कुठवर जाईल?" बल्बपर्यंत, पंख्यापर्यंत, फ्रीजपर्यंत, अशी उत्तरे आम्ही भराभर दिली. सर प्रत्येक उत्तराला मान डोलवत आणि "अजून?" म्हणत. आमची सगळी उत्तरे घराच्या भिंतीशी येऊन संपली. मग सरांनी खडू घेऊन मीटरमधून उलटी रेघ ओढायला घेतली. ती खांबावर गेली, शेजारच्या घरांत शिरली आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचली. त्या खांबावर सरांनी एक माणूस काढला. म्हणाले, "लाईन बंद आहे समजून हा चढलाय. वायरीला घराचं आत-बाहेर कळत नाही की."

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या कार्याविषयी लिहा, असे गौरव समितीने मला कळवले आहे. सरांचे कार्य म्हणजे हीच रेघ. ती ओढत ओढत ते निवृत्तीनंतरही सोलापुरात आणि आसपासच्या गावांत हिंडत आहेत. वाटेत कुठे जनरेटरचा आवाज आला की सरांची स्कूटर हळू होते. सर आत जातात, पाणी मागतात आणि पाणी पिता पिता भिंतीकडे बघतात. त्यांना हवी असते ती दोन्ही टोकांना पिन असलेली वायर. एक पिन जनरेटरला, दुसरी घरातल्या सॉकेटला, की सगळे घर उजळते. गावोगाव ही वायर करणारा एक तरी हुशार माणूस असतोच. ती सॉकेटमधून निसटली तर उघड्या पिनेत करंट असतो, आणि मेन स्विच वर, म्हणजे चालू, राहिला तर तोच करंट रस्त्यावर जातो. सर घरमालकाची परवानगी घेऊन एका टोकाची पिन कापतात आणि वायर परत देतात. मग घराला चेंजओव्हर स्विच का हवा ते समजावून सांगतात.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विणकर घरातल्या आजींना त्यांनी हे तेलुगूत सांगितले, तेव्हा मी सोबत होतो. दोन दारांना मिळून एकच फळी आहे असे समजा, सर म्हणाले. ती इकडे सरकवली की बाहेरची लाईट बंद होऊन जनरेटर चालू, तिकडे सरकवली की जनरेटर बंद होऊन बाहेरची चालू. दोन्ही एकदम उघडी राहूच शकत नाहीत. आजींनी विचारले की फळी मधेच ठेवली तर? सर इतके खूश झाले की पुढे महिनाभर जो भेटेल त्याला ते सांगत होते, मधे ठेवली तर दोन्ही बंद, आणि हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्याने आजवर विचारला नव्हता. त्याच घरात स्वयंपाकघरामागच्या बोळात ठेवलेला जनरेटर सरांनी स्वतः हात लावून अंगणात, खिडक्यांपासून लांब काढायला लावला. धुरातल्या ज्या वायूने माणूस मरतो त्याला वास नसतो, हे आजींना तोंडपाठ होईपर्यंत ते हलले नाहीत.

सरांचे कुतूहल विजेपुरते नाही. आमचे घर मेंढरांमागे हिंडणारे. पोरगं खांबावर चढून मरणार, या भीतीने माझ्या वडिलांनी मला पहिल्याच वर्षी घरी नेले होते. सर आम्हाला शोधत माळावर आले. मला परत पाठवा, असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. ते दुपारभर वडिलांना मेंढरांबद्दल विचारत बसले. एवढ्या कळपात एखादे आजारी पडले तर कळते कसे? वडील म्हणाले, "आवाजावरनं कळतंय की. वरडणं जड पडतंय त्याचं." सरांनी हे वहीत लिहून घेतले. उठताना वडिलांनीच विचारले, हा माणूस शिकवणारा हाय का शिकणारा? आणि दुसऱ्या दिवशी मला एसटीत बसवून दिले. सर पुढे वर्गात मोटारी ऐकायला लावत, ते माझ्या वडिलांचे नाव घेऊन.

आता जे सांगणार आहे ते गौरवग्रंथात शोभेल की नाही, ठाऊक नाही. सरांना विचारले तर म्हणाले, "लिही. तेच लिही." म्हणून लिहितो.

आठ वर्षांपूर्वी मंद्रूपला माझ्या सासुरवाडीत मेव्हण्याच्या मुलीचे बारसे होते. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने वस्तीवरची वायर तुटली होती. ऐन मे महिना, शंभर पाहुणे, आणि पंखे बंद. जावई वायरमन असून पाहुण्यांनी घामाने भिजायचे का, असे सासऱ्यांनी चारचौघांत विचारले. झाले, जावयाचा तोरा जागा झाला. मी माझ्या दुकानातून जनरेटर आणला. चेंजओव्हर बसवायला वेळ कुठला? सरांचा शिष्य म्हणवणाऱ्या मी स्वतःच्या हाताने दोन पिनांची वायर केली, मेन स्विच खाली केला आणि जनरेटर सुरू केला. पंखे फिरले, वाहवा झाली. सरही आले होते आणि पहिल्या पंगतीत बसले होते. वायर त्यांना दिसू नये म्हणून मी तिच्यावर एक पोते टाकले. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

शेंगापोळी वाढत असताना जनरेटरचा आवाज बदलला. जरासा जड झाला, पंखे किंचित मंदावले. मला वाटले, कुणी कूलर लावला असेल. सर भरल्या पानावरून उठले, खरकट्या हाताने जाऊन त्यांनी जनरेटर बंद केला आणि मला विचारले, "मेन कुठं आहे?"

मेन वर होता. समोर सासरे उभे होते. "लाईट आली का बघाय वर केला," ते म्हणाले. "खालीच ठिवला तर आल्याली कळणार कशी?"

बाहेर तिसऱ्या खांबावर सिद्राम नावाचे लाईनमन तुटलेली वायर जोडायला चढले होते. सरांनी मला तिकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "तू जाऊन सांग. मी सांगणार नाही." सिद्राम यांना मी खाली बोलावले आणि काय केले ते सांगितले. ते रागावतील, मारतील, अशी माझी तयारी होती. ते खांबाला टेकून खाली बसले. "पाच मिन्टांमागं टेस्टर लावला व्हता मी," ते म्हणाले. "मेल्याली वायर हाय म्हणूनच हातमोजं काढलं." मग म्हणाले, "दोन पोरी हायत मला."

सरांनी त्यांना हाताला धरून आणले, पंगतीत शेजारी बसवले आणि स्वतः पुन्हा जेवायला बसले. परतताना मी सासऱ्यांच्या नावाने खडे फोडू लागलो, तेव्हा सरांनी गाडी थांबवायला लावली.

"त्यांची काय चूक?" सर म्हणाले. "माणूस बघणारच की. लाईट आली का बघणार, बटण दाबून बघणार. मी पण बघतो. त्यानं बघितलं तरी कुणी मरू नये, अशी वायरिंग करायची असते. मेन खाली ठेवा म्हणून सांगणं, ही वायरिंग नव्हे."

दुसऱ्या दिवशी सर माझ्यासोबत पुन्हा मंद्रूपला आले. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर आम्ही बसवला. सरांनी त्याच्या अलीकडे, बाहेरून येणाऱ्या लाईटवर, एक छोटा लाल दिवा लावला आणि सासऱ्यांना म्हणाले, "मामा, हा पेटला की लाईट आली. कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बघायचं." सासरे अजून दिवसातून चार वेळा तो दिवा बघून येतात. त्या दिवसापासून मी बसवलेल्या प्रत्येक चेंजओव्हरला असा दिवा आहे.

गेल्या वर्षी सिद्राम यांच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. जनरेटरसाठी त्यांनी मुद्दाम मलाच बोलावले. अक्षतांना तासभर राहिला असताना लाईट गेली. दारासमोरच्या खांबावरची जोडणी जळाली होती आणि ड्युटीवरचे लाईनमन दुसऱ्या गावी गेलेले. नवरीचे वडील नव्या कपड्यांनिशी खांबाजवळ आले. ट्रान्सफॉर्मरवरून लाईन बंद करून घेतली होती. माझा जनरेटर मांडवामागे जोरात चालू होता. त्यांनी एकदाच विचारले, "जनरेटरची जोडणी तुमचीच न्हवं?" मी हो म्हणालो. ते चढले, नेहमीप्रमाणे टेस्टर लावून बघितला आणि वायरीला हात घातला. मी खाली उभा राहून त्यांच्या हातांकडे बघत होतो. वायर जोडून ते उतरले, हात धुतले आणि मुलीच्या मागे जाऊन उभे राहिले. सर, त्या दिवशी तुम्ही पानावरून उठला नसता, तर त्या मुलीमागे उभे राहायला वडील नसते, आणि मला कुठेच उभे राहता आले नसते.

सरांना उत्तम आरोग्य लाभावे, त्यांचे कान असेच तिखट राहावेत, त्यांची स्कूटर अशीच अनोळखी दारांशी थांबत राहावी, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासूनची इच्छा आहे. किती वर्षे, ते मात्र सिद्राम यांनी ठरवले आहे. हा लेख लिहितोय म्हटल्यावर त्यांनी एवढाच निरोप दिला: "सरांना म्हणावं, धाकटीच्या लग्नाला तुमी पायजेच. ती आत्ता सातवीत हाय."