टाकीचं झाकण

नागपुरात, आमच्या मानेवाड्यात रामाजी वैरागडे कुलूप लावतात तेव्हा साऱ्या गल्लीला कळतं. लावून झालं की ते ओढून पाहतात, फाटकापर्यंत जातात आणि परत येऊन पुन्हा ओढतात. पाटबंधारे खात्यात ते स्टोअरकीपर होते. नोकरी कधीच संपली, पण नजर तीच राहिली: जो तो काहीतरी उचलायलाच आलेला. दूधवाला चोर, भाजीवाली चोर, आणि मेकॅनिक तर चोरांचा सरदार.

पेट्रोल पंपावर तर विचारूच नका. भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून गाडीतून उतरणार, मीटरवरचं शून्य डोळे वटारून पाहणार आणि टाकीचं झाकण स्वतःच्याच हाताने लावणार. "या पंपवाल्याइचा का भरोसा?" हे वर मला ऐकवणार. मी शेजारी. दर रविवारी त्यांच्या गाडीत फुकट बसून सीताबर्डीला जातो, त्यामुळे मान हलवणं माझं कर्तव्यच.

तर या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागायला लागला. गॅरेजवाल्या चंद्रभानने स्कॅनर जोडला. पेट्रोलची वाफ कुठूनतरी गळते, असा कोड आला. त्याने एक रबरी नळी बदलली, कोड पुसला, दिवा गेला. काही दिवसांनी पुन्हा हजर. रामाजींनी गल्लीत जाहीर करून टाकलं, "दिवा तोच पेटवते अन् तोच इझवते."

मुलगा सुशील मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. त्याला निमित्तच हवं होतं. "बाबा, या वयात काहून चालवून राहिले? या खेपेले दिवा गेला नाही, तर मी गाडीले गिऱ्हाईक आणतो."

रामाजींनी नुसती गाडीची किल्ली खिशात घातली, तेव्हा मी घाबरलो. गाडी गेली की दवाखान्यात जायलाही मुलाची सवड बघायची. त्या माणसाला हे मरणाहून वाईट.

शनिवारी आम्ही तिघं चंद्रभानकडे गेलो. कोड तोच निघाला. सुशीलला फोन आला म्हणून तो रस्त्यावर गेला. चंद्रभानने या वेळी बोनेटला हातच लावला नाही.

"काकाजी, दिवा पेट्रोल भरल्यावरच लागते ना?"

रामाजींनी आठवून पाहिलं. "हो. दोन-तीन दिवसांनी."

"झाकण कोण लावते?"

"मीच. दुसऱ्याले हात लावू देत नाही."

चंद्रभानने झाकण काढून त्यांच्या हातात दिलं. "लावा बरं. टिक वाजेपर्यंत फिरवा."

रामाजींनी फिरवलं. वाजलं नाही. मनगट थरथरायला लागलं, मग त्यांनी डाव्या हाताचा आधार घेतला. कपाळावर घाम आला, पण टिक काही येईना. चंद्रभानने हलकेच हात पुढे केला आणि फिरवलं. टिक.

साऱ्या दुनियेला चोर ठरवून या माणसाने एका स्वतःच्या हातावर भरोसा ठेवला होता, आणि तोच फितूर निघाला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, वाईट वाटलं.

सुशील आत आला. "काय निघालं?"

रामाजींनी उजवा हात पाठीमागे नेला.

"झाकणाचं रबर गेलतं," चंद्रभान म्हणाला. "नवीन टाकलं. आता येत नाही दिवा." इतक्या सराईतपणे खोटं बोलला की मेकॅनिकांबद्दलचं रामाजींचं मत अखेर खरं ठरलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पंपावर रामाजी उतरले नाहीत. काच खाली करून पंपावरच्या बाईला म्हणाले, "पोरी, झाकण तूच लाव वं. टिक वाजू दे."

मागून टिक ऐकू आलं. रामाजींचा हात दाराच्या कडीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "पाहून ये ना गा, बरोबर लागलं का ते."

मी उन्हात उतरलो. झाकण हलवून पाहिलं. दारापर्यंत आलो, आणि परत जाऊन पुन्हा एकदा हलवून पाहिलं.