पळसावरचं बियाणं

माझा स्वभाव असा की एखादं काम येतं म्हटलं की मी ते केल्याशिवाय थांबत नाही, आणि येत नसलं तरी थांबत नाही. माहेर वरोऱ्याकडचं, सगळी कपाशी. सासर पोंभुर्ण्याच्या जंगलाला लागून, सगळं धान. लग्नाला चार महिने झाले होते आणि इथल्या शेतीत मला काही म्हणजे काही येत नव्हतं. धान रोवताना माझी ओळ वाकडी गेली की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

म्हणून दिवाळीच्या आधी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, चार पळसांवर रोग दिसला, तेव्हा खरं सांगते, मला आनंद झाला. फांद्यांवर खरबरीत पापुद्रा, त्यावर पांढरे तंतू, खालची पानं चिकट नि काळी, आणि मुंग्यांची रांग. हे मी लहानपणापासून बघत आले होते. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण असाच असतो. सोंड खुपसून झाडाचा रस पितो, जास्तीचं गोड पाणी मागून सोडतो, आणि त्या गोडावर मुंग्या येतात.

फोटो काढून बाबांना पाठवला. लगेच फोन आला. "मिलीबग हाय बेटा. मुंग्या दिसल्या का समजाचं. फांद्या तोड, शेताबाहेर ने आन जाळून टाक."

सासूबाईंना विचारावं असं मनातही आलं नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते ना मी. तीन पळस साफ केले. चौथ्याच्या शेंड्यापर्यंत हात पोचेना, म्हणून तेवढी एक फांदी राहिली. ढीग केला, काडी लावली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

फांद्या जळायचं सोडून ठिबकायला लागल्या. तांबूस, घट्ट थेंब. वास तर थेट बांगड्यांच्या दुकानातला. त्या वासावर सासूबाई घरातून धावत आल्या.

"काय करून राह्यली वं तू?"

"आई, पळसाले रोग आला होता. जाळून राह्यली."

"रोग नाई वं तो. लाख होती माही."

त्या तिथंच धुऱ्यावर बसल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा एटापल्लीकडच्या माहेराहून त्यांनी लाखेच्या चार काड्या आणल्या होत्या. दरवर्षी जुन्या काड्या नव्या फांद्यांना बांधून त्यांनी ते बियाणं जगवलं होतं. विळ्याची मूठ बसवायची तर अख्खं गाव लाख मागायला त्यांच्याकडे यायचं. माहेरचे पळस कधीचेच तुटले होते, म्हणजे परत आणायला जागाही उरली नव्हती.

भांडल्या असत्या तर मीही दोन शब्द ऐकवले असते. त्या बोलायच्याच बंद झाल्या. ताटात भाकर वाढायच्या, पण तोंडातून अक्षर नाही.

नवऱ्याला मात्र मजा वाटत होती. "तुमच्या मिलीबगची चुलत बहीणच हाय ते," तो म्हणाला. मग त्यानं समजावलं. लाखेच्या किड्याची मादी टाचणीच्या टोकाएवढी असते. एका जागी बसून सोंड रुतवली की तिचे पायच गळतात. अंगातून लाख सोडत स्वतःभोवती घर करते आणि मरेपर्यंत तिथंच राहते. नर बाहेर निघतो, दोन-चार दिवस हिंडतो आणि मरतो.

"हिंडाचं तेवढं बरोबर जमते या नरायले," मी म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात विळा आणि सुतळी दिली आणि न बोलता पळसाकडे निघाल्या. चौथ्या झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. मी चढले, उरलेली फांदी तोडून खाली आणली. पापुद्र्यावर पिवळे ठिपके पडले होते, म्हणजे पिल्लं निघायच्या बेतात होती. त्या फांदीतला रस संपलेला. दोन-तीन दिवसांत कोवळी फांदी मिळाली नाही तर सगळी उपाशी मरणार, आणि बियाणं संपलं. आम्ही वीतभर लांबीच्या काड्या केल्या. त्या कोवळ्या फांद्यांना चिकटून कशा बसवायच्या, ते त्यांनी एक काडी टेकवून दाखवलं आणि सुतळी बांधायची खूण केली. सगळ्या काड्या मी बांधल्या. मला वाटलं, ही माझी शिक्षा आहे, आणि ती भोगायला मी तयार होते.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताच गेलो, तर काड्यांवर कुंकू सांडल्यासारखं दिसलं, आणि ते कुंकू चालत होतं. मी हात लावून पाहिला तर दहा-वीस मनगटावर चढली. झटकणार, तोच सासूबाईंनी माझा हात धरला, अलगद फांदीला टेकवला आणि तसाच धरून ठेवला. एकेक पिल्लू उतरून सालीवर जाईपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. तेव्हा मला कळलं, त्यांची बोटं सारखी थरथरत होती.

"आई, माफ करा मले," मी म्हणाले. "काऊन बोलत नाई तुम्ही?"

"या बोटायनं औंदा गाठ मारता येत नोती मले," त्या म्हणाल्या. "तुले कसं शिकवाचं, तेच सोचून राह्यली होती."

मला रडू आवरेना. त्यांनी माझा हात सोडला नाही. अजून दोन पिल्लं उतरायची होती.