शोभाकाकूंच्या हॉलमधलं कोर्ट

डोंबिवलीकरांनो, आज दुपारी शेजारी जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये.

शोभाकाकू एकट्या राहतात. त्यांचा डबा परत द्यायला गेलेलो. बेल वाजवली तरी दार उघडेनात, म्हणून आमच्याकडच्या चावीने उघडलं. भरदुपारी पडदे ओढलेले, पंखा बंद, आणि काकू मोबाइलसमोर हात जोडून उभ्या. घामाने चिंब.

"काकू, काय झालं?"

"श्श! कोर्ट चालू आहे," त्या कुजबुजल्या.

स्क्रीनवर काळ्या कोटातला माणूस, मागे तिरंगा. तो शांतपणे म्हणाला, "घरात कोण आलंय? कॅमेऱ्यासमोर या."

खरं सांगतो, माझे पाय आपोआप पुढे सरकले.

"ज्युरीने तुम्हाला दोषी ठरवलंय," तो काकूंना म्हणाला. "घराबाहेर पडलात तर अटक होईल."

ज्युरी? माझ्या बहिणीला ज्युरीत बसायला बोलावलेलं, पण ती अमेरिकेत असते! तिथे साधी माणसं बसून दोषी की निर्दोष ते ठरवतात. आपल्याकडे ते न्यायाधीशच ठरवतात. मी झटकन फोन कट केला.

"अरे, काय केलंस! आता तुलाही नेतील," म्हणत काकू रडायला लागल्या. सकाळपासून त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

मी पोलिसांना बोलावलं. दोघे आले, अगदी आपुलकीने बोलले. काकूंनी सगळं सांगितलं. मग हळूच माझ्या कानाशी आल्या.

"हे तरी खरे आहेत कशावरून?"

तुम्ही काय सांगितलं असतं?