सासूबाईंचे गुडघे आणि समोरच्या प्लॉटमधली निर्गुडी

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं तळमजल्यावरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडाच्या नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आलो. लिफ्ट काय, 'बस, अगले महीने,' असं बिल्डर म्हणायचा. तो महिना काही उजाडेना आणि इकडे सासूबाईंचे गुडघे टम्म सुजले. दुखण्याच्या गोळ्या त्या चणे-फुटाण्यांसारख्या खायच्या. मी ओरडायचे, मग माझी पाठ वळली की खायच्या. शेवटी रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी बजावलं, आता यातली एकही गोळी पोटात गेली तर जिवावर बेतेल.

गोळ्या बंद झाल्या, दुखणं थोडंच बंद होतं! त्या दिवसभर कण्हायच्या आणि मला एकच धास्ती, ही बाई खालच्या केमिस्टकडून गुपचूप गोळ्या मागवणार.

"निर्गुडीचा पाला मिळायला हवा होता," त्या एकदा म्हणाल्या. "आमच्या गावी सुजेवर त्यानेच शेकायचे. काढाही घ्यायचे."

"निर्गुडी ना?" नवरा उठलाच. दिल्लीत वाढलेला माणूस. "गणपतीच्या पत्रीत दरवर्षी मीच तर आणतो!"

आमच्याकडे पत्री आणणं-वाहणं पुरुषांचं काम, त्यामुळे ती आम्ही बायकांनी कधी निरखून पाहिलीच नव्हती. समोरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये रान माजलं होतं, तिथून त्याने भाराभर पाला आणला. मी तो वाफवून, फडक्यात गुंडाळून गुडघ्यांना बांधला आणि चमचाभर तूप घालून कपभर काढाही पाजला.

थोड्या वेळाने सासूबाई खुलल्या. गुडघे गप्प झाले म्हणाल्या. मग हसायला लागल्या, ते हसू थांबेचना. "तू फार गुणी आहेस गं," असंही मला म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र मी चरकले. एवढ्यात शेजारची पंजाबी आँटी आली, उरलेला पाला पाहिला आणि ओरडली, "हाय रब्बा, ये तो भांग है!"

नुकतं रक्त गेलेलं पोट, त्यात हे! खुर्चीत बसवून त्यांना तीन मजले उतरवलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. "पोटाला काही झालेलं नाही, झोपू द्या," म्हणाले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी आम्हाला चांगलंच झापलं. पाल्याचं असलं तरी औषध ते औषधच, शेकायचं तर शेका, पण पोटात काही देण्याआधी मला विचारा.

शुद्धीवर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं गणपतीला भांग वाहिली?" नवऱ्याने कान धरले, तशा त्याच म्हणाल्या, "असू दे. शंकराचाच मुलगा तो, घरचीच वाटली असेल त्याला."

पुढे नर्सरीतून खरी निर्गुडी आणली, पानं मागून पांढुरकी, उग्र वासाची. रोज शेक सुरू झाला. डॉक्टरांना विचारून सलईच्या डिंकाच्या अर्काच्या कॅप्सूलही दिल्या. सूज हळूहळू उतरली, पण माझी धास्ती काही जाईना.

एका सकाळी पाहते तर पलंग रिकामा, दार उघडं. बाल्कनीतून वाकून पाहिलं, तर सासूबाई काठी टेकत सरळ केमिस्टच्या दिशेने निघालेल्या. अहो, अनवाणी धावले मी! खाली पोचले तेव्हा केमिस्टचं दुकान मागे टाकून त्या भाजीच्या ठेल्यापाशी उभ्या होत्या आणि मेथीवरून भाजीवाल्याशी कडाकडा भांडत होत्या.

मी तिथेच मटकन बसले आणि ढसाढसा रडले.

"रडतेस काय?" त्या म्हणाल्या. "पिशवी धर."