दुसऱ्याची विहीर

आमच्यासारखाच तोही वसईचा, पण कॅनडात ब्रॅम्पटन शहराबाहेर त्याचं स्वतःचं घर होतं आणि मागे विहीर. खरं तर जमिनीत गेलेला एक पाइप. तो विहीर म्हणायचा. दर रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या बेसमेंटमध्ये तो तिचं पाणी घेऊन हजर.

"पी रे, नळाचं विसरशील! दर वर्षी टेस्ट करतो, जंतू झीरो!"

माझी बायको दोन-दोन ग्लास प्यायची. मी कॉन्डोतल्या फ्लॅटवाला, नुसता जळायचो.

त्याच्या धाकटीची छाती मात्र सारखी भरलेली. शेवटी डॉक्टरने पाण्यातली रसायनंही तपासायला लावली, तर आर्सेनिक निघालं. अशा पाण्याने आजाराशी लढायची ताकद कमी होऊ शकते म्हणे. पोरीचं त्यानेच झालं असं डॉक्टर छातीठोक सांगेना, पण पाणी बंद.

पुढच्या रविवारी तो सगळ्यांसमोर उभा राहिला.

"मी फक्त जंतू तपासत होतो. तुमच्या पोरांनाही हेच पाजलं. सॉरी. आपापल्या डॉक्टरला सांगा."

मी असतो तर विहीर आटली म्हणून मोकळा झालो असतो.

बायका पोरीची चौकशी करत त्याच्याभोवती जमल्या. सगळ्यांत पुढे माझीच, डोळे पुसत. माझ्यासाठी तिने ते कधी पुसल्याचं मला तरी आठवत नाही.