धाकटी जाऊ आणि सर्व्हरचा पासवर्ड

माझी धाकटी जाऊ माझ्याशी कधीच वाईट वागली नाही, हीच मोठी अडचण होती. वाईट वागली असती तर चार बायांत बसून मन मोकळं तरी करता आलं असतं. आता काय सांगणार? की ती फार चांगली आहे म्हणून माझ्या पोटात दुखते?

साकोलीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबची सहायक. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा माझं माहेर त्या जिल्ह्यात गेलं, अन् मी लग्न होऊन या जिल्ह्यात राहिले. सासरी पिढीजात हातमाग. मागच्या पडवीत सासूबाई बसायच्या अन् दिवसभर खटखट चालायची. मला काही ते जमलं नाही. धोटा टाकला की तो कापडाऐवजी भिंतीकडे जायचा. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जाऊ दे वं, तुले नोकरीच बरी."

लॅबमध्ये लिनक्सचा सर्व्हर आला तेव्हा त्याच्याकडे कोणी फिरकेना. काळ्या पडद्यावर नुसतं टाइप करत बसायचं, चित्रं नाहीत, बटणं नाहीत, म्हटल्यावर सगळे प्राध्यापक एकेक करून सटकले. मी मात्र शिकले. चुका करत, चिडत, कधी बाथरूममध्ये जाऊन रडत शिकले. त्या मशीनवर काहीही नवीन बसवायचं तर एक मुख्य पासवर्ड लागतो. तो अख्ख्या कॉलेजात एकट्या मला ठाऊक होता. घरात कपाटाची चावी सासूबाईंच्या कमरेला, टीव्हीचा रिमोट सासऱ्यांच्या उशाला. माझ्या एकटीचं म्हणावं असं तेवढंच होतं. हसा खुशाल.

मग दिराचं लग्न झालं अन् ही आली. नागपूरची, संख्याशास्त्रात एम.एस्सी., अन् वरून हसतमुख. सासूबाईंनी गंमत म्हणून तिच्या हातात धोटा दिला, तर बाईनं पहिल्याच झटक्यात तो सरळ पार केला! "पोरीच्या हातात गुण आहे," सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी पाटोडीचा रस्सा ढवळत होते, तो त्या दिवशी जरा जास्तच ढवळला गेला.

पुढे ती आमच्याच कॉलेजात शिकवायला लागली. घरी ती सणावाराला माझ्या पाया पडायची, अन् कॉलेजात ती आली की "या मॅडम" म्हणत मी खुर्चीवरून उठायचं. प्राचार्य तिला मॅडम म्हणत अन् मला बाई. एकाच घरातून, एकाच डब्यातली भाजी घेऊन निघालेल्या आम्ही दोघी! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण बोलायचं कोणाला?

त्या वर्षी संख्याशास्त्र विषयाच्या मान्यतेसाठी समिती येणार होती. प्राचार्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. "सर्व्हरवर ते आर बसवून घ्या," ते म्हणाले. आर म्हणजे आकडेमोडीचं, आलेख काढण्याचं सॉफ्टवेअर, त्याची एक भाषाच असते. एकदा सर्व्हरवर बसवलं की लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरवरून पोरांना वापरता येतं. जावेनं मान डोलावली. मग ते माझ्याकडे वळले. "अन् बाई, समिती गेली की सर्व्हरचा पासवर्ड मॅडमकडे देऊन टाका. जाणकार माणसाच्या हातात असलेला बरा."

जाणकार! मग मी काय इतकी वर्षं त्या मशीनला नुसती उदबत्ती ओवाळत होते? पण तोंडातून निघालं, "हो सर."

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही दोघी बसलो. आमच्याकडे मिळणारं आर जुनं होतं, तिला नवं पाहिजे होतं. म्हणून आधी सर्व्हरला नेटवरच्या नव्या सॉफ्टवेअर-भांडाराचा पत्ता द्यायचा, मग तिथून मूळ सॉफ्टवेअर अन् त्याला लागणारी ढीगभर पॅकेजं उतरवायची. पासवर्ड टाकायची वेळ आली की ती न सांगता खिडकीकडे तोंड वळवायची. बाहेर हायवेवरचे ट्रक बघत बसायची. एकदा तरी चोरून पाहावं ना! म्हणजे मला भांडता आलं असतं. नेट मुंगीच्या पावलानं चाललं होतं, अन् मला माहेरी नवमीच्या जेवणाला जायचं होतं. मी तिला बजावलं, "आता सगळं आपोआप होईल. झालं की पडद्यावर दिसेल." ती म्हणाली, "जा ताई तुम्ही, मी आहे इथं."

दसऱ्याच्या संध्याकाळी मी परत आले. तिनं सोनं दिलं, पाया पडली, वर म्हणाली, "ताई, लॅबची काळजी नको." समिती दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती. आम्ही सकाळी लवकरच लॅब उघडली.

बघते तर काय! सर्व्हरच्या कपाळाला हळदकुंकवाची बोटं, वर सुकलेला झेंडू, जाळीत अक्षदा अडकलेल्या. तिनं बटण दाबलं, मशीन सुरू झाली, पण आर काही उघडेना. पुन्हा बसवायला गेलो तर सर्व्हर सरळ नाही म्हणाला. आधीचं काम अर्धवट पडलं आहे, ते निस्तरा, मग पुढचं बोला.

"तू हे काय केलंस वं?" माझ्या तोंडून कॉलेजातही 'तू' निघालं.

"पूजा केली, ताई. सर म्हणाले, मॅडमच्या हातानं होऊ द्या. आई म्हणतात ना, नवमीला माग थांबलाच पाहिजे, चालत्या मागाची पूजा नसते. म्हणून मी मागचं यूपीएसचं बटण बंद केलं."

"सगळं बसून झालं होतं का पण?"

"नाही, अर्धं झालं होतं." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, माग नाही का मध्येच थांबवत? कापड अर्धं राहते, अन् दसरा झाला की तिथूनच धोटा टाकायचा."

अरे देवा! मागावर अर्धं कापड म्हणजे अर्धं कापड असतं, डोळ्यांना दिसतं. मशीनचं तसं नाही. ती अर्ध्यात बंद केली की कुठलं पॅकेज बसलं अन् कुठलं नुसतंच उतरलं याचा मेळ राहत नाही. इतकी शिकलेली बाई, अन् सासूबाईंचं ऐकून सर्व्हरला मागाच्या रांगेत बसवून आली.

खरं सांगते, माझ्या मनात पेढे वाटले गेले. दुपारी समिती येणार, आर उघडणार नाही, मॅडमचं तोंड एवढंसं होणार, अन् पासवर्ड माझ्याकडेच राहणार. मला फक्त हात बांधून उभं राहायचं होतं. ती घाबरून ओढणीचं टोक पिळत होती. तिची दया आली असं मी म्हणणार नाही, कारण आली नव्हती. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला न येणारी अन् मला येणारी एक गोष्ट समोर होती. ती तिनं डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा जीव थंड होणार नव्हता.

"सरक," मी म्हटलं अन् बसले. तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. मी पासवर्ड टाकला, अर्धवट राहिलेलं आधी पुरं करायची कमांड दिली. सर्व्हर कुरकुरला, एका पॅकेजवर अडला. ते मोडकं पॅकेज काढून टाकलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा कमांड दिली. नंतर भराभरा ओळी वर सरकू लागल्या. आर उघडलं, त्याची ती बाणाच्या टोकासारखी खूण पडद्यावर आली अन् पुढे कर्सर लुकलुकू लागला. तिनं धानाच्या उताऱ्याचे आकडे भरले, आलेख काढला. "ताई, मला शिकवाल का हे?" ती म्हणाली. मी "बघू" म्हटलं. त्या 'बघू'ची चव मला दुपारपर्यंत पुरली.

समिती आली, आलेख बघून खूश झाली. प्राचार्यांची छाती फुगली. "हे सगळं आमच्या मॅडमनं केलं. आता सर्व्हर त्यांच्याच ताब्यात देतो आहे." मी भिंतीला टेकून उभी.

"नाही सर," जाऊ म्हणाली, अन् चक्क हसायला लागली. "मी तर नवमीला मागासारखा सर्व्हरच थांबवला होता, अर्ध्यात! सकाळी ताईंनी उभा केला." मग तिनं अक्षदा, झेंडू, यूपीएस, सगळं रंगवून सांगितलं. समितीतल्या बाई तर डोळे पुसून हसल्या. "पासवर्ड ताईंकडेच राहू द्या, सर. माझ्या हाती दिला तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा बंद करीन."

"ठीक आहे," प्राचार्य म्हणाले, "बाईंकडे राहू द्या."

झालं, पाहिजे होतं ते मिळालं. मग आनंद काऊन होईना? जे मी रडत-कुढत कमावलं होतं, ते आता तिच्या एका शब्दावर माझ्याकडे होतं. चारचौघांत स्वतःला हसायची हिंमत, तीही तिचीच. माझ्या वाट्याला काय आलं? तिनं दिलेला पासवर्ड!

घरी तिनं सासूबाईंना पुन्हा सगळं सांगितलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मोठीच्याही हातात गुण आहे म्हणायचं." इतक्या वर्षांनी आलं हे वाक्य, अन् तेही धाकटीच्या शिफारशीनं. मी भाजीत मीठ टाकायला विसरले.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडून मी आधी पासवर्ड बदलायला घेतला. जुना कोणालाच माहीत नव्हता, तरी घेतला. ती शेजारी येऊन बसली होती. मी काही म्हणायच्या आतच तिनं खिडकीकडे तोंड वळवलं.