नावाचं शेपूट

यास्मिन गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिंचवडच्या ऑफिसात तिच्याच खुर्चीत बसले होते. ती आजारी पडल्यापासून तिचं काम माझ्याकडे होतं. "ताई, यास्मिन गेली," तिचे मिस्टर अन्वरभाई एवढंच म्हणाले...

आम्ही दोघी सर्किट बोर्डांचं डिझाइन करायचो. बोर्डावर पार्टचे पाय जिथे सोल्डर होतात, त्या तांब्याच्या ठशाला फूटप्रिंट म्हणतात. सॉफ्टवेअरमधल्या अशा शेकडो ठशांना नावं देण्याचं काम यास्मिनकडे होतं. नावं लांबलचक: आकार, पायांची संख्या आणि शेवटी कोणता पाय कशाचा, तो क्रम. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. आमचे ऑफिसचे सर चिडवायचे, "नाव ठेवतेस की पत्ता लिहितेस?" ती हसायची नाही. "सर, तीन पायांचे दोन पार्ट जुळ्यांसारखे दिसतात. एकाचा पहिला पाय म्हणजे दुसऱ्याचा दुसरा. बसतात दोन्ही. चुकलं ते मागाहून कळतं."

ती दवाखान्यात असताना सरांनी ही यादी 'साफ' करायला घेतली. मी नको म्हणत होते. "आकार एकच आहे ना?" म्हणत त्यांनी शेपटं कापली, सारखे दिसणारे ठसे एक करून टाकले. यास्मिनला सांगितलं, तर ती उशीवरून उठायला बघू लागली. "निघोज्याच्या कारखान्याचा तो ई-स्कूटरचा चार्जर बघ गं. बॅटरी भरल्यावर करंट तोडणारा पार्ट... तो आधी बघ."

बघितला. त्याचा ठसा चुकलेलाच होता. पण तोवर बोर्ड निघोज्याच्या कारखान्यात चार्जरमध्ये बसून दुकानांत पोचले होते. टेस्टिंगमध्ये कुणाला काही जाणवलं नव्हतं, कारण चार्जर चालत होता; फक्त थांबत नव्हता. सरांनी कारखान्याला कळवलं, माल परत मागवला. बराचसा आला. बराचसाच... यास्मिनला हे सांगायचं राहिलं.

परवा संध्याकाळी रहाटणीला यास्मिनच्या घरी गेले. अन्वरभाई आत चहा ठेवत होते. दारामागच्या खुंटीला यास्मिनची ओढणी अजून तशीच, आणि तिच्याखाली जमिनीवर ई-स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली.

"कुणाची गं?" मी तिच्या मुलीला, सनाला विचारलं.

"माझी. कॉलेजसाठी घेतली, मावशी. अम्मीनेच पसंत केली होती."

चार्जरवरचा दिवा हिरवा होता. "झाली वाटतं चार्ज?"

"कधीच. दुपारीच झाली. राहू द्या, मी झोपताना काढते."

मी वाकून चार्जरला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला. मग पिन उपटली. ओढणी खुंटीवरून काढून सनाच्या हातात दिली.